पडद्याखालचे दगड

१

सकाळी शेडवर गेलं की माझं काम ठरलेलं असायचं. आधी विजेसाठी बाहेरचं डिझेल इंजिन सुरू करायचं. ते खोकत खोकत चालू झालं की चारी बाजूंच्या ताडपत्र्या खाली सोडायच्या आणि दोरीनं आवळून बांधायच्या. बाहेर आलापल्लीचं डोळे दिपवणारं ऊन आणि आत भर सकाळी मिट्ट काळोख. मग केबिनची काच फडक्यानं पुसायची, तिच्यामागच्या मचाणावर चढायचं आणि प्रोजेक्टरमध्ये रीळ भरायचं.

ही केबिन म्हणजे एका जुन्या लष्करी ट्रकचं पुढचं अर्धं धूड. आमच्या लाकूडवाल्या शेठनं ते भंगारातून उचललं होतं. त्याला इंजिन नव्हतं, चाकं नव्हती. दोन सागाच्या ओंडक्यांवर ते बसवून साखळदंडानं जमिनीतल्या खुंटांना जखडलेलं होतं. समोर दोन बैलगाड्या उभ्या राहतील इतक्या अंतरावर मांजरपाटाचा पांढरा पडदा होता. पडद्यावर नागपूरचा रस्ता धावू लागला की केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वाटायचं, आपणच धावतोय. स्टिअरिंग, क्लच, ब्रेक सगळं खऱ्यासारखं. ब्रेकला एक तार जोडलेली होती. पाय दाबला की मचाणावर माझ्या शेजारी लाल दिवा लागायचा. वेळेवर लागला तर शाबासकी, उशिरा लागला तर माझ्या शिव्या.

लोक या सगळ्याला मास्तरचा सिनेमा म्हणून हसायचे. हसू देत. पण ते सोंग उभं करायला कारण घडलं होतं.

आमचे ड्रायव्हर रानातले. आडवा पडलेला साग, वाहून गेलेला नाला, वाटेत ठाण मांडलेलं अस्वल, यातल्या कशानं ते डगमगत नसत. पण नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं, आणि तिथल्या सायकली आणि टांगे बघून या वाघांची गाळण उडायची. आदल्या उन्हाळ्यात आमचा लच्छू सागाचा भरलेला ट्रक घेऊन तिकडे गेला. एका गल्लीच्या तोंडाशी त्याच्या चाकाखाली एक म्हातारा आला. लच्छू पळाला नाही. खाली उतरून त्या म्हाताऱ्याला ओढून काढू लागला. लोकांनी त्याला तिथंच धरला, हाताला येईल त्यानं मारला आणि शेवटी रस्त्याकडेच्या खडीनं ठेचला. आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा तोंडावरून ओळख पटेना. पायातल्या वहाणेवरून मी त्याला ओळखला.

त्यानंतर शेठनं फर्मान काढलं. मास्तरनं पास केल्याशिवाय नागपूरच्या रस्त्यावर कुणी ट्रक घालायचा नाही. मास्तर म्हणजे मी, दादाजी. आरमोरीकडचा. लढाईच्या दिवसांत पलटणीत पोरांना ट्रक शिकवलेला माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, ब्रेकवर होता.

आणि या वर्गात माझा जावईच होता. केवळराम. लेक एकुलती म्हणून लग्नानंतर दोघं माझ्याकडेच राहत होती. बाकीच्या ड्रायव्हरांना मी अरेतुरे करायचो आणि केवळरामला भर वर्गात ‘तुमी’ म्हणायचो. त्यावरून सगळे खुसुखुसु हसायचे. नागपूरची पहिली खेप त्यालाच मिळणार होती. माझी लेक कुंता मात्र त्या खेपेच्या नावानं धास्तावली होती. भाकरी थापता थापता एकदा माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा, त्यायले नीट शिकवा. लच्छूभाऊसारकं कपड्यात बांधून आणू नका मले.”

मी म्हटलं, “माह्या हाताखालचा माणूस आहे तो. येळेवर थांबन.”

२

फिल्म एकच होती. नागपूरच्या कुणा इंजिनियरनं ट्रकच्या टपावर कॅमेरा बांधून ती काढली होती. आवाज नव्हता. आधी पूल यायचा, मग कापसाच्या गाड्या, मग सायकलींचा थवा. एक टांगा अचानक वळायचा. शाळेच्या मुली हात धरून रस्ता ओलांडायच्या. आणि शेवटी कापडाच्या दुकानाशी एक वळण लागायचं.

त्या वळणावर आमची खरी परीक्षा होती. काळा कोट, धोतर, हातात मिटलेली छत्री असा एक गृहस्थ फुटपाथवरून थेट आपल्या पुढ्यात उतरायचा. ट्रक दिसताच टुणकन मागे उडी मारायचा आणि आपल्याकडे बघून रागानं छत्री नाचवायचा. पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोक पोट धरून हसले. त्याचं नाव पडलं छत्रीवाला. त्याच्या पायानं फुटपाथ सोडला की लाल दिवा लागलाच पाहिजे, हा माझा नियम होता.

केवळरामचा दिवा कधी चुकला नाही. देवाजीचा मात्र रोज उशिरा लागायचा. देवाजी आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. डोक्याचे केस पांढरे आणि जीभ तिखट.

“मास्तर,” तो म्हणाला, “मी ब्रेक दाबला तरी गाडी तं जातच राह्यते. थांबत काऊन नाई?”

“सिनेमा आहे तो. थांबन कसा?”

“मंग हे कोनती शिकवन?”

“इथी तुहा पाय शिकते देवाजी, गाडी नाई शिकत.”

सगळे हसले. मलाही माझं उत्तर आवडलं. पुढं कितीतरी दिवस मी ते कुणाकुणाला ऐकवलं.

३

होळी होऊन गेली होती. मोहाची फुलं गळत होती आणि शेडमध्येही त्यांचा गोड, जड वास भरून राहायचा. अशाच एका सकाळी मला वाटलं, छत्रीवाल्यानं आज छत्री नाचवली नाही.

त्यानं उडी मारली, पण जरा थांबून. मागे गेला तो आपल्याकडे न बघता. मी मनात म्हटलं, रीळ जुनं झालं. आठवड्यापूर्वी तापलेल्या प्रोजेक्टरनं फिल्मचा एक तुकडा जाळला होता. तो कापून मी जोड दिला होता. जोड चुकला असणार, त्यात काय एवढं.

पण जोड त्या वळणापाशी नव्हताच. तो कापसाच्या गाड्यांपाशी होता. हे मला घरी जाऊन जेवायला बसल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी उडी आणखी उशिरा पडली. ट्रकच्या कडेनं त्याला धक्का दिला. छत्री हातातून सुटून रस्त्यावर पडली. केबिनमध्ये देवाजी होता. तो ओरडला, आणि त्याच क्षणी अख्खी केबिन हादरली. मचाणावर माझ्या पायाखालची फळी थरथरली, इतकी.

मी खाली उतरून कंदील घेऊन सगळं तपासलं. साखळदंड ताठ होते. ओंडके जागचे हलले नव्हते. बाहेर इंजिन धडधडत होतं. त्याचाच हादरा असणार, असं मी मोठ्यानं म्हटलं.  देवाजी केबिनमधून उतरला तो सरळ ताडपत्री उचलून बाहेर गेला. बराच वेळ तो उन्हात उभा राहून हात चोळत होता.

त्यानंतर रोज तो गृहस्थ उडीत थोडा थोडा कमी पडत गेला. आधी गुडघ्यावर कोसळला. मग आडवा झाला. मग एका सकाळी आपण त्याच्या अंगावरून गेलो. पडद्याच्या खालच्या कडेशी त्याचे दोन्ही हात वर आले, बोटं पसरली आणि खाली गेली. केबिन आधी पुढून उचलली गेली आणि आदळली. मग मागून उचलली गेली आणि आदळली.

त्या केबिनला मागची बाजूच नव्हती.

मी प्रोजेक्टर बंद केला. रीळ उतरवून बाहेर उन्हात नेलं आणि पट्टी सूर्यासमोर धरून एकेक चित्र डोळ्यांजवळ आणून पाहिलं. नखाएवढ्या चित्रांत तो गृहस्थ धडधाकट होता. फुटपाथवर उभा होता. छत्री नाचवत होता. मला हायसं वाटलं. मी तीच पट्टी आत नेऊन भरली, मशीन चालू केलं, आणि तो चाकाखाली आला.

माझं डोकं फिरलंय म्हणावं, तर खाली केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर बिरजूही तोंड दाबून ओकत होता.

४

पडद्याखाली दगड पहिल्यांदा मला दिसले ते झाडू मारताना. मुठीत मावतील असे पाचसहा नदीतले गोटे. मी ते उचलून बाहेर फेकले. दुसऱ्या दिवशी तिथं ओंजळभर दगड होते. मी पाळत ठेवली. पाळी संपल्यावर देवाजी केबिनमधून उतरला, पडद्यापाशी गेला, खिशातून दगड काढून खाली ठेवला आणि हात जोडले.

“हे काय देवाजी?”

“दगड आहे मास्तर.”

“ते दिसून राह्यलं मले. इथी काऊन?”

“वाटेत माणूस मेला का दगड टाकाच लागते.”

आमच्या रानात ही रीत आहे. वाघानं ओढला, झाड अंगावर पडलं, गाडी उलटली, असा वाटेत कुणी मेला की त्या जागेवरून जाणारा येणारा प्रत्येकजण एक दगड टाकतो. मेलेल्यानं तिथंच राहावं, जाणाऱ्याच्या मागं येऊ नये. असे ढीग आमच्या रस्त्यांवर जागोजाग आहेत. अहेरीच्या वाटेवर तर पुरुषभर उंचीचा आहे. मीही लहानपणापासून टाकत आलोय. पण सिनेमातल्या माणसासाठी? मला हसावं की त्याच्या कानाखाली द्यावी, कळेना.

“कोन मेला रे इथी?”

त्यानं पांढऱ्या पडद्याकडे बोट केलं. “रोज मारून राह्यलो ना आपन त्याले. येकाच दिवसात कितींदा. तुमी मोजलं का?”

“मंग त्याची तेरवी पन घाल! पंगतीले मी येतो.”

तो हसला नाही. माझ्यामागे उभे असलेले ड्रायव्हरही हसले नाहीत. मी वळून पाहिलं तर बिरजूच्या मुठीत दगड होता. बुधूच्याही होता. आणि केवळराम उभा होता. त्यानं हात मागं लपवले होते.

५

त्या दिवशी केवळराम नीट जेवला नाही. संध्याकाळ होती. ओसरीत बसून तो आपला उजवा पाय तांब्यातल्या पाण्यानं धूत होता. धुऊन झाला की पुन्हा धूत होता. कुंता दारातून त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होती.

“मामाजी,” तो म्हणाला, “माहा पाय येळेवर पडते ना?”

“कधी चुकला नाई तुमचा दिवा.”

“मले मालूम आहे. पाय ब्रेकवर असते, पुरा दाबून असते. अन् खालून हाडं मोडल्याचा आवाज येते. सिनेमात आवाज नाई ना मामाजी?”

“नाई.”

“मंग मले काऊन येते?”

 आवाज मलाही येत होता. ओल्या बांबूची मोळी मोडावी तसा. मी तो इंजिनाच्या माथी मारत होतो.

“बाजार झाला का दुसऱ्या दिवशी तुमचा ट्रक निघते,” मी म्हटलं. “हे असं मनात घेऊन नागपूरच्या रस्त्यावर उतराल तं तिथी माणूस दिसला का तुमचे हातपाय गळतीन. मंग लच्छूसारकं होईन.”

लच्छूचं नाव निघताच कुंतानं हातातलं भांडं जोरात खाली ठेवलं आणि आत गेली.

तेवढ्यात देवाजी आला. अंगणातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही. त्याचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

“मास्तर, आपल्या हातून चुकलं.”

“आता काय झालं?”

“दगड मेलेल्यावर टाकते. माणूस आधी मरते, मंग ढीग होते. तो छत्रीवाला नागपुरात जिता असन. छत्री घेऊन फिरत असन कुठी तरी. आमी जित्या माणसावर दगड टाकले. ढीग आधी झाला.” तो थांबला. “मंग त्या ढिगाखाली कोन आहे?”

“कोनीच नाई. माती आहे.”

“तेच तं. रिकामा ढीग कदी पाह्यला का तुमी?”

मला त्याचा संताप आला. सगळी हयात रस्त्यावर काढलेला माणूस आणि एका मांजरपाटाच्या तुकड्यापुढं गोटे ठेवून वर मलाच विचारतोय. मी म्हटलं, “उद्या मी ते सगळे टोपल्यात भरून नदीत टाकतो.”

“तसं नका करू. टाकला दगड उचलत नसते.”

“म्या तं पहिलेच उचलून फेकले.”

देवाजी माझ्याकडे बघत राहिला. मग अंगणातून निघून गेला. त्याच्या त्या बघण्यानं मला खरोखर भीती वाटली. ती मी रागावून झाकली आणि उगाच दावणीच्या बैलाला दोन शिव्या हासडल्या.

केवळरामनं पाय पुसला. त्याचा आवाज आता बराच शांत होता. “मामाजी, उद्या असं करू. तुमी केबिनमंदी बसा. मी पडद्यापाशी उभा राह्यतो, कपड्याले हात लावून. तो माह्याजवळूनच उतरते ना रस्त्यावर? मी डोळ्यानं पाह्यतो. कपडाच आहे, उजेडच आहे, हे हाताले कळलं का मनातलं भेव जाईन.”

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, अभिमान वाटला. पलटणीतसुद्धा असं डोकं चालवणारी पोरं मला फार भेटली नव्हती. आतून कुंता म्हणाली, “कायले पायजे ते?” पण आम्ही दोघांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच शेडमध्ये शिरलो. बाकीचे बाहेर मोहाच्या सावलीत बसून राहिले. आत यायला कुणी तयार नव्हतं. दिवस बराच वर आला होता. पत्रे तापून टकटक वाजत होते. मी रीळ भरलं, मशीन चालू करून दिलं आणि मचाणावरून उतरून केबिनमध्ये जाऊन बसलो. इतक्या दिवसांत त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसत होतो. सीट कोमट होती. मला वाटलं, पत्र्याची धग.

केवळराम पडद्यासमोर दगडांच्या ढिगाजवळ उभा राहिला. ढीग गुडघ्याएवढा झाला होता. काल तो एवढा नव्हता, याची मला खात्री आहे. त्यानं पांढरा सदरा घातला होता. एक हात मागं करून त्यानं कापडाला तळवा टेकवला आणि माझ्याकडे बघून हसला.

“कपडाच आहे मामाजी!”

“मंग!” मी ओरडलो. “आपल्याच हातानं तं बांधला!”

पडद्यावर पूल आला. पुलाचे कठडे त्याच्या सदऱ्यावरून सरकत गेले. कापसाच्या गाड्या त्याच्या छातीवरून गेल्या, सायकली पोटावरून. टांग्याचं चाक त्याच्या चेहऱ्यावर फिरलं तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मला बरं वाटू लागलं. खरंच किती साधी गोष्ट होती. उजेड आणि कापड. मी सवयीनं क्लच दाबला, गिअर टाकला, स्टिअरिंग वळवलं. शाळेच्या मुली हात धरून निघून गेल्या.

मग बाहेरच्या इंजिनाचा आवाज लागेनासा झाला. ते बंद पडलं नव्हतं, कारण पडद्यावर उजेड होता. पण ऐकू येत होता तो दुसऱ्याच एका इंजिनाचा आवाज. माझ्या पायाखालून येणारा. भरलेला ट्रक उतारावर ओढतो तसा जड. स्टिअरिंग माझ्या हातात थरथरू लागलं.

कापडाचं दुकान आलं.

छत्रीवाला फुटपाथवर उभा होता. रोज तो ट्रककडे न बघता उतरायचा. आज तो केवळरामकडे बघत होता. सावकाश उतरला आणि चालत चालत येऊन अगदी केवळरामच्या शेजारी उभा राहिला. दोघं एकाच उंचीचे दिसले. केवळरामनं मान वळवली. त्यानं कापडावरचा हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. हात सुटला नाही. मनगट कुणी धरून ठेवावं तसा तो मागंच राहिला.

मी ब्रेक दाबला. सगळ्या जिवानिशी दाबला. बाजूच्या आरशात मचाणावरचा लाल दिवा लागलेला मला स्वच्छ दिसला.

“मामाजी, थांबवा!”

“केवळराम, बाजूले व्हा!”

पडदा मोठा होत आला. म्हणजे जवळ आला. की आम्ही जवळ गेलो, मला सांगता येणार नाही. केवळरामचे दोन्ही पाय दगडांत रुतलेले होते. छत्रीवाल्यानं टुणकन उडी मारली, पहिल्या दिवशी मारायचा तशी, मोठी, सुखरूप. आणि तो फुटपाथवर जाऊन पोचला.

केबिन पुढून उचलली गेली आणि आदळली. माझं डोकं टपावर आपटलं. त्या आदळण्यात एक किंकाळी सुरू झाली आणि मधेच तुटली. मग तो ओल्या बांबूचा आवाज. मी ब्रेकवर उभाच राहिलो होतो, दोन्ही पायांनी. तरी केबिन मागून उचलली गेली आणि पुन्हा आदळली, या खेपेला सावकाश, भरल्या गाडीचं मागचं चाक चढतं तशी.

कपाळावरचं रक्त डोळ्यांत उतरत असताना मी वर पाहिलं. फुटपाथवरचा तो गृहस्थ आज छत्री नाचवत नव्हता. त्यानं ती उघडली, डोक्यावर धरली आणि गर्दीत चालता झाला. मागं वळून पाहिलं नाही.

७

ताडपत्र्या लोकांनी बाहेरून फाडल्या. ऊन आत आलं.

केबिन जागेवर होती. साखळदंड ताठ होते, ओंडके तसूभर हलले नव्हते. केवळराम दगडांवर पडला होता. दगड आता ढिगासारखे उभे नव्हते, जमिनीत पार रुतून सपाट झाले होते आणि तोही त्यांच्याबरोबर सपाट झाला होता, छातीपासून कमरेपर्यंत. पांढऱ्या सदऱ्यावर आडवा पट्टा उठला होता. टायरची नक्षी त्यात दिसत होती. पट्टा काळा होता. बिरजूनं बोट लावून वास घेतला आणि बोट मातीला पुसलं. ते डांबर होतं. आमच्याकडे तेव्हा डांबराचा रस्ता नव्हता.

पोलीस आले. त्यांनी ठरवलं की शेडमध्ये रचलेला ओंडका घरंगळला. शेडमध्ये ओंडका रचलेला नव्हता, पण मी वाद घातला नाही. मला दुसरं काय सांगता येणार होतं? शेठनं ते धूड पुन्हा भंगारात घातलं. रिळाचं काय झालं, मी विचारलं नाही. नागपूरची खेप देवाजीनं नेली. तो कसा गेला आणि कसा आला, तेही मी विचारलं नाही.

केवळरामला आम्ही कपड्यात बांधूनच घरी आणलं. कुंतानं तो कपडा सोडू दिला नाही. हंबरडाही फोडला नाही. तेरवीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण वाढायची, पाणी ठेवायची, आणि नजर माझ्या पायांकडे असायची.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मले तिथी घेऊन चला.”

शेड उतरवून नेलं होतं. नुसते खुंट उभे होते आणि मधे उन्हात तो दगडांचा सपाट तुकडा. त्यावर नवे गोटे पडू लागले होते. देवाजीचे असतील, बिरजूचे असतील, लाकूड वाहणाऱ्या सगळ्यांचेच असतील. कुंता ढिगाजवळ बसली. बराच वेळ हातानं माती सारखी करत राहिली.

“बाबा, ब्रेक तुमी दाबला होता ना?”

“दाबला होता बाई. येळेवर दाबला होता. दिवा लागला होता, म्या डोळ्यानं पाह्यला.”

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते. “मंग थांबली काऊन नाई?”

पाय शिकते, गाडी नाई शिकत, हे देवाजीला दिलेलं उत्तर माझ्या ओठांपर्यंत आलं. दुसरं उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. 

कुंतानं पदराची गाठ सोडली, आतला दगड काढला आणि नवऱ्याच्या ढिगावर ठेवला. मग दुसरा काढला आणि तो माझ्या हातात दिला.